दातापासून दर्यापर्यंत

एखादा शोध कोणत्या घरी जन्मेल आणि कोणत्या घरी नांदेल, याचा नेम नसतो. स्वित्झर्लंडमधील दे त्रे ही दंतवैद्यांना साहित्य पुरविणारी कंपनी. तिच्यातील पिएर कास्तां हा रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कामासाठी टणक आणि थिजताना फारसा न आकसणारा पदार्थ शोधीत होता. त्याच्या हाती इपॉक्सी ही कृत्रिम राळ लागली व १९३८ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. दातांच्या व्यापारात तिचे काही जमले नाही. पुढे बाझलच्या सीबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ साली ‘अ‍ॅरल्डाइट’ या नावाने ती लोकांपुढे मांडली.

दरम्यान अमेरिकेत काचेचा धागा निघू लागला होता. १९४२ साली ओहायोतील रे ग्रीन याने काचकापड आणि पॉलिएस्टर राळ यांची लहानशी होडी घडविली. १९५३ साली शेव्हरोले कॉर्व्हेट ही मोटार फायबरग्लासचे अंग लेवून बाहेर पडली. पण नवे अंग म्हटले की नवी दुखणीही आलीच. पत्र्याचा पोचा ठोकून काढता येतो, लाकडी फळी बदलता येते; फायबरग्लास मात्र चिरते, त्याचे पदर सुटतात. पॉलिएस्टर थिजलेल्या जुन्या अंगाला तितकीशी चिकटत नाही. तेथे कास्तांची राळ उपयोगी पडली, कारण तिची पकड फार घट्ट.

तथापि भेगेत लांबी भरली म्हणजे भेग बुजते, सांधली जात नाही. बळ असते ते काचेच्या सलग धाग्यात. म्हणून जाणता कारागीर प्रथम तुटकी कड घासून उतरती करतो. जाडीच्या सुमारे बारापट रुंद असा तो उतार. त्यावर राळेत भिजविलेल्या काचकापडाचे पदर चढतात. लांबीची पाळी त्यानंतरची. राळेत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे कालविले की ती हलकी होते, काचकागदाने सहज घासता येते. पण ती आकार देते, बळ नव्हे. थिजल्यावर वर मेणचट साय धरली, तर ती पाण्याने धुवूनच घासावयाचे, नाहीतर रंग सुटतो. हार्डनर मापाबाहेर घातला तर काम लवकर होत नाही, राळ कच्ची राहते. शेवटी रंग हवाच, कारण उन्हाने इपॉक्सी झिजते.

ही राळ आपल्या किनाऱ्यालाही परकी राहिली नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ हे शिडाचे जहाज बांधले गेले. लाकडाचा गाभा आणि त्यावर काचकापड व इपॉक्सीचे कवच, अशी तिची घडण. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. दक्षिण महासागराच्या लाटांत माणूस आणि पाणी यांच्यामध्ये तेवढेच कवच होते.

कीड न काढता दात भरला तर तो आतून कुजतच राहतो, हे दंतवैद्याला सांगावे लागत नाही. नाव सांधणाऱ्यालाही तोच नियम. वरून गुळगुळीत दिसणारी लांबी गिऱ्हाइकाचे डोळे फसवू शकते; दर्या तिला विचारीत नाही.