कडबा, पेंढा, काड आणि धसकट

दाणा घरांत आल्यावर शेतांत व खळ्यांत जें उरतें, त्याला शहरांतला मनुष्य सरसकट ‘गवत’ म्हणून मोकळा होतो. आपल्या वाडवडिलांस तें रुचलें नसतें. जोंधळ्याचा तो कडबा, भाताचा तो पेंढा, बाजरीचें तें सरमाड, गव्हाचें तें काड. तुरीची तुराटी, कपाशीची पऱ्हाटी, उसाचें पाचट. कापणीनंतर भुईंत उभीं राहतात तीं धसकटें. मोल्सवर्थसाहेबांचा कोश १८३१ सालीं छापला गेला, त्यापूर्वीं कित्येक पिढ्या हा भेद बिनचूक पाळला जात होता.

ही शब्दांची निव्वळ हौस नव्हे. कडबा जाड व गोडसर, बैल तो आवडीनें खातो. पेंढा पोकळ, अंगीं पोषण थोडें. परंतु मऊ, म्हणून तो छपरावर व आंब्यांच्या अढींत कामास येतो. तुराटी व पऱ्हाटी चुलींत जावयाच्या. कडब्याचें मोल तर दाण्याच्या तोडीचें. १९६४ सालीं संकरित ज्वारीचें पहिलें वाण आलें, तेव्हां दाणा भरपूर पण ताट बुटकें, ही शेतकऱ्याची मोठी तक्रार होती. मालदांडीसारखी उंच देशी ज्वारी त्यानें सोडली नाहीं, ती पुष्कळ अंशीं वैरणीसाठींच.

पवित्र शास्त्राच्या वाचकासहि ह्या भेदाचा उपयोग आहे. निर्गमाच्या पांचव्या अध्यायांत फारो इस्राएली लोकांस विटांसाठीं लागणारें ‘तेबेन’ देण्याचें बंद करितो. तेबेन म्हणजे मळणींत तुडवून बारीक झालेलें भुसकट. तें चिखलांत कालविलें म्हणजे वाळतांना वीट तडकत नाहीं. मग ते लोक मिसर देशभर पांगले, आणि त्यांनीं ‘कश’ वेंचिलें. कश म्हणजे आपलें धसकट. दोन्ही शब्दांस एकच ‘गवत’ म्हटलें, तर त्या जुलमाचें मर्मच हरवतें. तयार भुसकट हातीं येत होतें, त्याऐवजीं उन्हांत वांकून धसकटें उपटावयाचीं, तीं कुटून बारीक करावयाचीं, आणि विटांचा आंकडा मात्र पूर्वींचाच. जोंधळ्याच्या रानांत सरपणासाठीं धसकटें वेंचून जिचीं बोटें सोललीं आहेत, त्या बाईस ह्याचें भाष्य नको. आंकडा भरला नाहीं, आणि चौदाव्या वचनांत मार बसला तो इस्राएलांच्याच नायकांस.