घाटंजीचा तो रविवार: गावच्या आरोग्यकर्त्या शिकतात कशा?

आजचा भाग हेडफोन लावून ऐका, कारण गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि थोडी टोचणारी आहे.

तारीख ३१ जानेवारी २०२१, वार रविवार. देशभर पल्स पोलिओची मोहीम होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात आया आपापली लेकरं घेऊन बूथवर आल्या. पाच वर्षांखालच्या १२ मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हॅन्ड सॅनिटायझर गेलं. काही मुलांना उलट्या, मळमळ सुरू झाली. सगळ्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. सुदैवाने मुलं वाचली. तीन कर्मचाऱ्यांना निलंबित करणार असं जिल्हा परिषदेने जाहीर केलं आणि त्यांत एक आशा असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं.

देशभर ही बातमी मीमसारखी फिरली. मीही फॉरवर्ड केली होती, खोटं कशाला बोलू. मग घरी गेलो तर काकू चुलीपाशी गप्प बसलेली. माझी काकू आमच्या गावची आशा आहे. मी म्हटलं, "काकू, एवढी मोठी चूक होतेच कशी? तुम्हाला ट्रेनिंग देत नाहीत का?"

ती म्हणाली, "शिकवलं तं बरंच बाप्पा. पण चुकलं तं काय करावं, कोनाले सांगावं, थे कोनीच नाही शिकवलं."

या एका वाक्याने मला जुनी पानं उलटायला लावली. गावातल्या साध्या माणसाला आरोग्याचं काम शिकवायचं, ही कल्पना आली कुठून? आणि ते शिक्षण नेमकं कसं व्हायचं?

आधी १९७० मध्ये जाऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. त्यांचा पहिला विचार होता की शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवाव्यात. ते काही जमलं नाही. बाहेरून आलेल्या परक्या बाईला गाव मनातलं सांगेना. मग त्यांनी गावाकडूनच बाया निवडून घेतल्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती. बाळंतपण, जुलाब, लसी, पोषण हे सगळं त्यांना शिकवलं. या बाया दर आठवड्याला जामखेडला जमायच्या. वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या आणि त्या आठवड्यात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या. कुठे जमलं, कुठे फसलं, सगळं. म्हणजे एकीची चूक दुसरीचा धडा व्हायची. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरम्यान सरकारलाही ही कल्पना पटली होती. २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली. हजार लोकसंख्येमागे एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये. निवडलेले बहुतेक पुरुष होते. बाळंतीणबाईच्या खोलीत ते कसे जाणार? योजना पुढे रेंगाळली. प्रशिक्षण एकदाच झालं आणि त्यानंतर हात धरणारं फारसं कोणी उरलं नाही.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत एक धाडसी प्रयोग केला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास अडकला तर उपचार, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. डॉक्टरांच्या जगात यावर भुवया उंचावल्या. इंजेक्शन आणि तेही खेड्यातली बाई देणार? पण १९९३-९५ मध्ये या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५.५ वर आला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्यामागची एक बारीक गोष्ट कमी जण सांगतात. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर प्रत्येक गावात जाऊन त्या बाईची नोंदवही तपासायचे, शंका सोडवायचे. प्रशिक्षण संपलं असं कधी झालंच नाही. शिकणं आणि काम एकाच दोरीला बांधलेलं होतं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी देशभर त्यांच्याकडे आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका', त्यामुळे पगार नाही, मानधन आणि मोबदला. सुरुवातीचं प्रशिक्षण पूर्वी २३ दिवसांचं होतं, पुढच्या मॉड्यूलचं २० दिवसांचं. म्हणजे दिवस मोजले जातात. पण जामखेडची ती दर आठवड्याची बैठक, जिथे बाई मोकळेपणाने "माझं चुकलं" म्हणायची, ती दिवसांत मोजता येत नाही.

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चुकांवर आयुष्यभर काम केलं. त्याचं म्हणणं असं की अपघात सहसा एका माणसामुळे होत नाही. अनेक भिंतींमधली भोकं एका रेषेत येतात तेव्हा होतो. २०२१ चा जानेवारी आठवा. प्रत्येक टेबलावर सॅनिटायझरची बाटली. कोरोना लसीकरणही त्याच महिन्यात सुरू झालेलं, आणि त्यासाठी पोलिओची मोहीम १७ तारखेवरून ३१ वर ढकललेली. माणसं वर्षभर पळून थकलेली. यातलं काहीही चुकीला माफी देत नाही. त्या आयांची भीती खरी होती आणि बाटली वाचून मगच थेंब द्यायचे, हा नियम कुणालाच सुटत नाही. पण निलंबनाने आपल्याला इतकंच कळतं की कोण चुकलं. का चुकलं आणि पुढच्या बूथवर टेबल कसं मांडायचं, हे कळायला एकत्र बसावं लागतं.

आणि हेही विसरू नका. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ते अशाच अनेक रविवारी, अशाच बूथांवर, दोन-दोन थेंबांनी घडलं.

पुढच्या पोलिओ रविवारी मी काकूच्या बूथवर गेलो. तिने सॅनिटायझर टेबलावरून उचलून खाली पिशवीत ठेवलं. मग पोलिओची कुपी माझ्यासमोर धरली, "वाच बरं मोठ्यानं." मी लेबल वाचलं. शेजारच्या मदतनीस पोरीलाही तिने वाचायला लावलं. मग पहिल्या लेकराचं तोंड उघडलं.

हे तिला कोणत्याच मॉड्यूलने शिकवलं नव्हतं. घाटंजीच्या बातमीवरून ती एकटीच शिकली होती. तिला हे एकटीनं शिकावं लागलं, एवढंच मला खटकतं.

तुमच्या गावची आशा कोण, तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज विचारा. भेटू पुढच्या भागात!