शिट्टी, खरखर आणि आर्मस्ट्राँग

रेडिओ दुरुस्तीला आला की गिऱ्हाईक तीनच तक्रारी सांगायचं. ‘स्टेशन धरत नाही’, ‘शिट्टी मारतोय’ आणि ‘खरखर फार करतोय’. ‘बंदच पडलाय’ ही आम्ही तक्रार धरत नसू. फ्यूज नाहीतर रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह बदलला की झालं. साताऱ्यातल्या दहा बाय आठच्या दुकानात मी चौतीस वर्षं बसलो, आणि डोकं चालवावं लागायचं ते या तिघींपायी. ज्या माणसाने या तिन्ही तक्रारी मुळापासून हाताळल्या त्याचं नाव मात्र मला धंद्यात वीस वर्षं काढल्यावर कळलं, तेही पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका पाठपोट फाटलेल्या इंग्रजी पुस्तकात. तोपर्यंत मी त्याचीच सर्किटं दुरुस्त करत होतो. ही गोष्ट मनाला लागली, म्हणून हे लिहितोय.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते. लहानपणी त्याला मोठं दुखणं आलं आणि त्यातून उठल्यावर मान, खांदा आणि चेहरा मधूनच झटका खाण्याची व्याधी जन्माची चिकटली. पुढे कुटुंब शहराबाहेर यॉन्कर्सला, हडसन नदीच्या काठी राहायला गेलं. तिथे माळ्यावरच्या खोलीत पोराने बिनतारी तारायंत्राचा पसारा मांडला. अँटेना उंच नेली की स्टेशन धरतं हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्ही बांबू आणि तांब्याची जाळीदार पट्टी वापरायचो. या गड्याने घराशेजारी १२५ फुटांचा खांब उभा केला आणि लाकडी फळीच्या झोक्यात बसून स्वतःला दोराने वर ओढून घ्यायचा. उंचीची भीती त्याला कधी शिवली नाही.

१९०९ साली तो कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकायला लागला. घरून कॉलेजला लाल रंगाच्या इंडियन मोटारसायकलवरून जायचा. तिथे मायकेल प्युपिन त्याचे प्राध्यापक होते.

त्या काळी ‘धरत नाही’ ही तक्रार अख्ख्या जगाची होती. समुद्रापलीकडून आलेली लहर अँटेनात उतरेपर्यंत इतकी क्षीण झालेली असे, की हेडफोन कानाला घट्ट दाबून, श्वास रोखून टिकटिक टिपावी लागे. ली डी फॉरेस्ट याने १९०६ मध्ये ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह काढला होता. आत तापणारी फिलामेंट, समोर प्लेट, मधे ग्रिड. दिव्यात नेमकं घडतं काय, हे मात्र त्याला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. विद्यार्थीदशेतल्या आर्मस्ट्राँगने मीटर लावून ते मोजायला घेतलं. मोजताना त्याच्या ध्यानात आलं, की ग्रिडवर आलेला बारीकसा चढउतार प्लेटवर मोठा होऊन निघतो. मग त्यातलाच थोडा हिस्सा कॉइलमधून पुन्हा ग्रिडकडे वळवला तर? मोठं झालेलं आणखी मोठं होईल, तेच फिरून परत येईल, आणखी वाढेल.

२२ सप्टेंबर १९१२ ला त्याने ते करून पाहिलं. कानाला दाबून ऐकावा लागणारा आवाज, हेडफोन टेबलावर ठेवला तरी खोलीभर ऐकू आला. परत वळवलेला हिस्सा आणखी वाढवला तर व्हॉल्व्ह शीळ घालायला लागला. आर्मस्ट्राँग त्या शिळेपाशी थांबला, हे त्याचं मोठेपण. त्याने ताडलं, की व्हॉल्व्ह आता ऐकत नाहीये, बोलतोय. स्वतःच लहरी तयार करतोय. एकाच सर्किटात रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्ही निघाले.

पेटंटचे पैसे वडिलांनी दिले नाहीत; आधी पदवी घे, म्हणाले. तेव्हा पोराने सर्किटचा आराखडा कागदावर काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून शिक्कामोर्तब करून घेतला. पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबरअखेर. नोटरीच्या शिक्क्यानंतर बरोबर वर्षाने, १९१४ च्या जानेवारीच्या शेवटी, तो न्यू जर्सीतल्या बेलमार इथल्या मार्कोनी कंपनीच्या ठाण्यावर पेटी घेऊन गेला. बरोबर त्याच कंपनीतला तरुण डेव्हिड सारनॉफ. गारठलेल्या खोपटात दोघं रात्रभर बसले आणि आयर्लंडमधलं क्लिफडन, पार पॅसिफिकमधलं होनोलुलू असं ऐकत राहिले. या सारनॉफचं नाव पुढे परत येणार आहे.

आता शिट्टीचं सांगतो, कारण या शोधावरून पुढे जो खटला उभा राहिला, तो सगळा शिट्टीचाच होता.

दुकानात रेडिओ शिट्टी मारत आला, की आम्ही आधी कंडेन्सर तपासायचो. तो सुकला की एका व्हॉल्व्हचा आवाज वाट चुकून मागच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडमध्ये शिरतो आणि सेट विव्हळायला लागतो. चांगल्या कारागिराचाही त्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणजे शिट्टी ऐकू येणं यात काही नवल नाही. व्हॉल्व्ह वापरणाऱ्या प्रत्येकाने ती कधी ना कधी ऐकलेली असते. १९१२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात पालो अल्टोला डी फॉरेस्टच्या माणसांनीही ती ऐकली. टेलिफोनचा आवाज मोठा करायच्या सर्किटमध्ये ती आली आणि त्यांनी ती वहीत टिपून ठेवली. पुढे त्याच नोंदीच्या जोरावर डी फॉरेस्टने दावा लावला, की हा शोध माझा, आर्मस्ट्राँगच्या आधीचा.

खटला जवळजवळ वीस वर्षं चालला. सुरुवातीला आर्मस्ट्राँग जिंकत गेला, मग पारडं फिरलं. १९३४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला; निकालपत्र न्यायमूर्ती कार्डोझो यांचं होतं. माझ्या मते तो निकाल चुकला. शिट्टी कानावर पडणं वेगळं आणि ती का येते हे ओळखून, तिला अलीकडेच लगाम घालून त्या ताकदीवर होनोलुलू ऐकणं वेगळं. पहिलं अपघाताने होतं, दुसऱ्याला समज लागते. अभियंत्यांचंही हेच म्हणणं होतं. त्यांच्या संस्थेने, इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सने, या शोधासाठी आर्मस्ट्राँगला आपलं पहिलं मानपदक दिलेलं होतं. निकालानंतर त्याच महिन्यात फिलाडेल्फियात अधिवेशन भरलं, तेव्हा तो पदक परत करायला निघाला. संस्थेने ते घेतलं नाही. भर सभेत ते त्याच्याकडेच राहील असं सांगितलं आणि सभा उभी राहिली.

मधल्या काळात त्याने दुसरं मोठं काम करून ठेवलं होतं. पहिल्या महायुद्धात तो सिग्नल कोअरमधला अधिकारी म्हणून पॅरिसला होता. आखूड लहरी व्हॉल्व्हने मोठ्या करणं त्या काळी जमत नव्हतं. कंपनं जितकी जलद, तितका व्हॉल्व्ह दगा द्यायचा. १९१८ मध्ये त्याने त्यावर उपाय काढला. जलद लहर आहे तशी मोठी करायच्या भानगडीत पडायचंच नाही. रेडिओच्या पोटातच दुसरी लहर तयार करायची, दोन्ही मिसळायच्या आणि त्यांच्या फरकाची जी संथ लहर निघेल ती मोठी करायची. हाच सुपरहेटरोडाइन, आमच्या तोंडी सुपरहेट.

कागदावर हे अवघड वाटतं, टेबलावर अगदी सोपं आहे. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्‌झवर लागतं. तुम्ही काटा तिथे आणता तेव्हा रेडिओतला ऑसिलेटर १२४७ वर जातो. १२४७ वजा ७९२, उरले ४५५. मुंबईचं ५५८ लावलंत तर ऑसिलेटर १०१३ वर सरकतो. वजाबाकी पुन्हा ४५५. यासाठीच गँगच्या, म्हणजे स्टेशन लावायच्या कंडेन्सरच्या, पात्या दोन गाळ्यांत असतात आणि एकाच दांड्यावर फिरतात, एक गाळा स्टेशन धरतो, दुसरा ऑसिलेटर हलवतो. स्टेशन कुठलंही असो, पुढच्या सगळ्या सर्किटला एकच ४५५ सांभाळायचं असतं. म्हणून ते नेमकं सांभाळता येतं आणि शेजारचं स्टेशन मधे घुसत नाही. ॲल्युमिनियमचे ते चौकोनी डबे, आयएफटी, हे ४५५ चे राखणदार. मर्फीचं बाळ छापलेला सेट असो की फिलिप्सचा की दिल्लीतल्या कुण्या अनोळखी कंपनीचा, मागचं झाकण काढलं की आत हे डबे हमखास. एफएमच्या सेटमध्ये आकडा १०.७ मेगाहर्ट्‌झ होतो, रीत तीच.

इथे एक सांगायलाच हवं. फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही यालाही हीच कल्पना सुचली होती, आधी सुचली होती, आणि पेटंटच्या वादात बरेचसे हक्क पुढे लेव्हीच्या बाजूने गेले. पण कल्पनेचा कामाचा रेडिओ करून दाखवला तो आर्मस्ट्राँगने.

युद्धावरून परतल्यावर पेटंटं विकून त्याला गडगंज पैसा मिळाला. मॅरियन मॅकइनिस ही सारनॉफची सेक्रेटरी. १९२३ च्या डिसेंबरात त्याने तिच्याशी लग्न केलं आणि भेट म्हणून तिला उचलून नेता येईल असा सुपरहेट रेडिओ स्वतः बनवून दिला. समुद्रकिनाऱ्यावर तो रेडिओ शेजारी ठेवून बसलेल्या दोघांचा फोटो आहे. त्या पुस्तकातलं तेवढं पान मी फाटू दिलं नाही.

राहिली खरखर. वळवाची वीज कडाडली की सेट कडकडायचा, शेजारी मिक्सर लावला की गुरगुरायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘मिस्त्री, एवढी खरखर काढा’. आम्ही काय काढणार? साध्या रेडिओत आवाज लहरीच्या उंचीत लपवलेला असतो आणि वीजही त्या उंचीतच भर घालते. चोर आणि मालक एकाच दाराने आत येतात. मोठमोठ्या गणितज्ञांनी हात टेकले होते. जॉन कार्सन याने १९२२ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं, की लहरीच्या उंचीऐवजी तिची वारंवारता हलवूनही फायदा नाही.

आर्मस्ट्राँग गणिताच्या आधी कानाला विचारायचा. बाकीचे खरखर कमी व्हावी म्हणून पट्टा अरुंद करत होते. त्याने उलट कितीतरी रुंद केला आणि रिसीव्हरमध्ये लिमिटर बसवला. लिमिटर लहरीची उंची वरून सपाट छाटून टाकतो, विजेने घातलेली सगळी भर त्याबरोबर कापली जाते आणि वारंवारतेत लपलेला आवाज शाबूत राहतो. २६ डिसेंबर १९३३ ला त्याला या रीतीची, म्हणजे एफएमची, पेटंटं मिळाली. ९ जून १९३४ रोजी एम्पायर स्टेट इमारतीवरून प्रक्षेपण करून त्याने ते लाँग आयलंडवर वेस्टहॅम्प्टन बीचला, सुमारे सत्तर मैलांवर ऐकलं. ५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्याने रिसीव्हर मांडला. पलीकडे यॉन्कर्सला त्याचा मित्र रँडी रनियन आपल्या घरच्या ट्रान्समीटरपाशी बसलेला. त्याने पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगळला. सभेला पाणी पाण्यासारखं आणि कागद कागदासारखा ऐकू आला.

मला यातलं खरं आश्चर्य कळतं. नव्वदच्या दशकात पहिला एफएम सेट टेबलावर आला तेव्हा निवेदिका वाक्य संपवून थांबली आणि मी झटकन आवाजाच्या बटणाकडे हात नेला. सेट बंद पडला असं वाटलं. दोन वाक्यांच्या मधे रेडिओत शांतता असू शकते हे माझ्या कानांना ठाऊकच नव्हतं.

पुढचं सगळं कडू आहे. सारनॉफ आता आरसीए या बड्या रेडिओ कंपनीचा प्रमुख होता आणि त्याचं लक्ष दूरचित्रवाणीवर होतं. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरचं सामान हलवायला सांगण्यात आलं. त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतल्या ॲल्पाइनला चारशे फुटांहून उंच मनोरा उभारला. आरसीएने एफएमसाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले, ते त्याने नाकारले; इतर कंपन्या देतात तशी रॉयल्टी द्या, म्हणाला. युद्धात मात्र आपली एफएम पेटंटं त्याने सैन्याला फुकट वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच ४२ ते ५० वरून ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झवर नेला आणि लोकांच्या घरातले सेट एका फटक्यात निरुपयोगी झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर खटला भरला. साक्षी, उलटतपासण्या, तारखा. पैसा संपत गेला, पेटंटांची मुदत संपत गेली, घरात भांडण झालं, मॅरियन बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आयुष्य संपवलं. नोटरीच्या कागदावरची तारीख मी वर दिली आहे.

मधली एक गोष्ट मला या सगळ्याहून मोठी वाटते. १९४६ च्या जानेवारीत अमेरिकी सैन्याने चंद्राकडे रडारची लहर सोडली आणि अडीच सेकंदांनी परत आलेला तिचा प्रतिध्वनी पकडला. इतका क्षीण प्रतिध्वनी पकडणाऱ्या यंत्रणेच्या मुळाशी आर्मस्ट्राँगचं काम होतं. जागा तीच होती, बेलमारचं जुनं मार्कोनी ठाणं.

मॅरियनने खटले सोडले नाहीत. आरसीएने १९५४ संपता संपता दहा लाखांवर डॉलर देऊन तडजोड केली. बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करून लढत राहिली आणि जिंकत गेली. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटला १९६७ मध्ये निकालात निघाला.

त्याच साली मी पंधरा वर्षांचा, मास्तरांच्या दुकानात उमेदवारीला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात प्लास्टिकचा स्क्रू ड्रायव्हर दिला. लोखंडी जवळ नेला तर कॉइलचं ट्यूनिंग हलतं. चौकोनी डब्याच्या वरच्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाले, “हळू फिरव रे. आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांब.” मी फिरवत गेलो. आवाज फुगत गेला, भरला, मग बसायला लागला. अर्धा आटा मागे आलो आणि थांबलो.