मुडदूस, पडदा आणि नाशिकचा धडा

मुडदूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाकड्या पायांचं, गरिबाघरचं, कुपोषित मूल येतं. पण शंभर वर्षांपूर्वी नाशिकमध्ये वेगळंच चित्र दिसलं होतं. डोंगरकड्यासारख्या गावातल्या शाळेत मुलींशी हाडांविषयी बोलायचं असेल, तर सुरुवात याच गोष्टीने करावी.

तेव्हा मुडदूस कशाने होतो, यावर वाद होता. १९१९ मध्ये लंडनच्या मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून आहाराकडे बोट दाखवलं. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने रोग टळत होता. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुलं बरी केली. मग खरं कारण कोणतं, आहार की ऊन?

१९२२ मध्ये हचिसन आणि शाह यांनी नाशिकची निरीक्षणं प्रसिद्ध केली. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत मुडदूस होता. वयात आल्यावर घरात बसवलेल्या मुलींनाही तो होत होता. शेतात राबणाऱ्या गरीब कुटुंबांचं जेवण साधं, तरी त्यांच्यात तो क्वचितच आढळला. अशा मऊ हाडांमुळे ओटीपोटाचा सांगाडा आकसला, की पुढे बाळंतपण अडतं. त्या काळी त्यात जीवही जात.

त्याच सुमारास ‘ड’ जीवनसत्त्वाला नाव मिळालं आणि कोडं सुटलं. उन्हाने त्वचेत ‘ड’ तयार होतं. ते अन्नातलं कॅल्शियम रक्तात शोषायला मदत करतं. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर होत्या.

पण नुसतं ऊन पुरतं का? नाही. नायजेरियात भरपूर ऊन असूनही मुलांना मुडदूस होत होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती मुलं कॅल्शियम दिल्यावर सुधारली.

आता आपल्या घराकडे पाहा. मोठेपणीच्या हाडांतला सुमारे पाव भाग वयात येतानाच्या दोनेक वर्षांत भरला जातो. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपल्याकडच्या ज्वारीत ते कमीच, १०० ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणीत मात्र ३५० च्या जवळपास. एक पेला दुधातून साधारण २४० मिळतं. म्हणून भाकरीसोबत दही किंवा ताक, तिळाची चटणी, आठवड्यातून काही वेळा नाचणी, असं जेवण हवं.

आणि पाळी सुरू झाली म्हणून मुलीचं मैदान बंद करू नका. दूध भावाला आणि चहा बहिणीला, असंही नको. पाय सतत दुखत असतील, जिना चढताना किंवा बसल्यावर उठताना त्रास होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने सुरू करू नका.

नाशिकच्या त्या मुली श्रीमंताघरच्या होत्या. त्यांना कमी पडलं ते अंगण.