चालण्याची शर्यत आणि पंचाचा डोळा

धांवण्याच्या शर्यतींत प्रथम कोण पोंचलें एवढेंच पाहावयाचें असतें. चालण्याच्या शर्यतींत तो पोंचला कसा, हेंही पाहिलें जातें. आणि पुष्कळदां सारें भांडण त्यांतच असतें.

श्रोत्यांनीं हा सकाळचा फेरफटका मात्र समजूं नये. वीस किलोमीटर, म्हणजे सुमारें साडेबारा मैल, हें अंतर स्त्रिया दीड तासांत तोडतात. नियम दोन : एक तरी पाऊल सदैव जमिनीस टेकलेलें दिसलें पाहिजे, आणि पुढें टाकलेला पाय भूमीस लागल्यापासून शरीराखालीं सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यांत वांकतां कामा नये. वास्तविक एवढ्या वेगांत दोन्ही पाय क्षणभर अधांतरीं होतात. छायाचित्रें तें दाखवितात. परंतु नियम साध्या डोळ्यापुरताच आहे. पंचास दिसेल तोच दोष.

पुरुषांना ऑलिंपिकमध्यें ही शर्यत १९०८ सालीं मिळाली. स्त्रियांना १९९२ साल उजाडावें लागलें. बार्सिलोना येथील त्या पहिल्याच दहा किलोमीटरच्या शर्यतींत अलीना इवानोव्हा प्रथम आली, आणि मग ती बाद ठरली. सुवर्णपदक चीनच्या चेन युएलिंगला गेलें.

२८ सप्टेंबर २००० रोजीं सिडनी येथें अंतर वीस किलोमीटर झालें होतें. आदल्या वर्षीची जगज्जेती ल्यू हाँगयू आघाडीवर असतांना बाद झाली. इटलीची एलिसाबेटा पेरोने पुढें आली. तिचीही तीच गत झाली. आतां सर्वांच्या पुढें उरली जेन सॅव्हिल, ऑस्ट्रेलियाची, त्यांतून सिडनीचीच. आंत मैदानांत तिचे देशबांधव वाट पाहत होते. मैदानांत शिरणाऱ्या बोगद्यापाशीं मुख्य पंच आडवा आला व त्यानें तांबडी खूण दाखविली. ती तेथेंच रडूं लागली. मागून आलेल्या वांग लीपिंगनें १ तास २९ मिनिटें ५ सेकंदांत शर्यत जिंकली.

पंचांनीं पक्षपात केला असें म्हणतां येणार नाहीं; यजमान देशाच्या स्त्रीला घरच्या दारांत अडविण्यास उलट धैर्यच लागतें. तिघां निरनिराळ्या पंचांनीं दोष नोंदविल्यावांचून कोणी बाद होत नसे. परंतु त्यांच्या चिठ्ठ्या वाटेवरून मुख्य पंचाकडे गोळा होईपर्यंत चालणारी पुढें चालतच राहते, आणि सुटली असें मानूं लागते. क्रूरपणा असलाच, तर तो या विलंबांत आहे.

२००४ सालीं अथेन्सला सॅव्हिल पुन्हां उतरली. तेथें ती तिसरी आली : १ तास २९ मिनिटें २५ सेकंद. मैदानांतील रेषेपर्यंत तिला कोणीं अडविलें नाहीं.