आजीचे जन्मगाव आणि नातवाची जर्सी

१/१५
१२ नोव्हेंबर २०२२. लंडनचे एमिरेट्स मैदान. रग्बी लीग विश्वचषकाचा उपान्त्य सामना इंग्लंड आणि सामोआ यांच्यात २६-२६ असा बरोबरीत अडकला होता. अतिरिक्त वेळेत जो पहिला गुण मिळवील, तो विजयी. स्टीफन क्रायटनने ड्रॉप गोल मारला, चेंडू दोन खांबांमधून पार झाला आणि जेमतेम दोन लाख वस्तीचा सामोआ अंतिम फेरीत पोहोचला. चारच आठवड्यांपूर्वी याच इंग्लंडने याच सामोआला ६०-६ असे धुळीस मिळवले होते.

२/१५
क्रायटनचा जन्म सामोआची राजधानी आपिया येथला. त्याचे बहुसंख्य सहकारी मात्र जन्मले होते ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये. मग ते सामोआचे कसे? नियमाचे उत्तर सरळ आहे: आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणा एकाचा जन्म त्या देशात झालेला असला, तरी पुरे. इतिहासाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही.

३/१५
प्रथम या खेळाविषयी. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधील हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात रग्बी क्लबांची बैठक भरली. खाणी व गिरण्यांतील कामगारांची खेळापायी बुडालेली मजुरी भरून द्यावी, ही त्यांची मागणी होती. रग्बीच्या धुरिणांना ती अमान्य होती. क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि तिच्यातूनच पुढे तेरा खेळाडूंची 'रग्बी लीग' घडली. पंधरा खेळाडूंची 'रग्बी युनियन' हा निराळा खेळ.

४/१५
या नव्या खेळाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना ५ एप्रिल १९०४ रोजी विगन येथे झाला. इंग्लंडसमोर दुसरा देशच नव्हता. म्हणून उत्तरेच्या क्लबांतून खेळणारे वेल्श आणि स्कॉटिश खेळाडू एकत्र करून 'अदर नॅशनॅलिटीज', म्हणजे 'इतर राष्ट्रीयत्वे', या नावाचा संघ उभा करण्यात आला. त्या संघाने इंग्लंडला ९-३ असे हरवले. कोण कोणत्या देशाचा, हा प्रश्न या खेळाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

५/१५
आता सामोआकडे. ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होताच, न्यूझीलंडच्या सैन्याने जर्मनीच्या ताब्यातील पश्चिम सामोआ जिंकून घेतला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून 'टालून' नावाचे जहाज आपियाला आले. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, तरीही प्रशासनाने ते विलग ठेवले नाही. अवघ्या काही आठवड्यांत बेटांवरील सुमारे एकपंचमांश लोक दगावले. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर वेळीच बंद केले होते. तेथे या साथीने एकही बळी घेतला नाही.

६/१५
या घावातून 'माउ' या अहिंसक स्वराज्य चळवळीला बळ मिळाले. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियात निघालेल्या तिच्या मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळीबार केला. जमावाला शांततेचे आवाहन करणारे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी त्यात धारातीर्थी पडले. स्वातंत्र्य उजाडले ते १ जानेवारी १९६२ रोजी.

७/१५
दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना हात हवे होते. सामोआ, टोंगा आणि इतर बेटांवरून हजारो कुटुंबे ऑकलंडला आली. सत्तरच्या दशकात मंदी आली आणि हवेसे पाहुणे नकोसे झाले. १९७४ ते १९७६ या काळात पोलिसांनी पहाटे घरांवर धाडी घातल्या. परवान्याची मुदत उलटूनही राहिलेल्यांत ब्रिटिश होते, अमेरिकनही होते; दारे ठोठावली गेली ती मुख्यतः पॅसिफिक कुटुंबांची. या 'डॉन रेड्स'बद्दल सरकारने औपचारिक क्षमा मागितली ती १ ऑगस्ट २०२१ रोजी.

८/१५
अशाच एका कारवाईत फालेमाई लेसा या सामोआ-कन्येवर मुदतीपेक्षा अधिक काळ राहिल्याचा खटला भरला गेला. तिचे म्हणणे असे की, ती परकी नव्हेच. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. (ताई महाराज प्रकरणात १९१५ साली लोकमान्य टिळकांच्या बाजूने निकाल देणारे न्यायपीठ ते हेच.) जुलै १९८२ मध्ये निकाल लागला: १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक कायद्याने न्यूझीलंडचेच नागरिक आहेत.

९/१५
हा विजय काही आठवडेच टिकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडच्या संसदेने नवा कायदा करून हे नागरिकत्व काढून घेतले. त्या वेळी न्यूझीलंडमध्ये असलेल्यांसाठी तेवढी वाट मोकळी ठेवली. बेटांवर राहिलेल्या त्यांच्या भावंडांसाठी ती मिटली. एकाच घरातील माणसे कायद्याच्या दोन बाजूंना विभागली गेली.

१०/१५
या कुटुंबांची मुले-नातवंडे दक्षिण ऑकलंड, पश्चिम सिडनी, ब्रिस्बेन येथील कामगार वस्त्यांत वाढली. रग्बी लीग हा तिथल्या गल्लीचा खेळ. त्यांतले सर्वांत गुणी खेळाडू न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया उचलून नेत. पैसा तिथे, प्रतिष्ठाही तिथेच. शिवाय मोठ्या देशाकडून एकदा खेळले की आजोबांच्या देशाकडे परतणे दुर्घट होई. टोंगा आणि सामोआ यांच्या वाट्याला येत ते निवडीतून उरलेले.

११/१५
वंशाच्या नियमाचा गैरवापरही झाला. २००० साली रग्बी युनियनमध्ये वेल्सकडून खेळणारे शेन हॉवर्थ आणि ब्रेट सिंकिन्सन यांचे आजी-आजोबा वेल्सचे नव्हतेच, असे उघड झाले. त्याच वर्षीच्या रग्बी लीग विश्वचषकात लेबनॉनचा संघ मुख्यतः सिडनीच्या उपनगरांतून आला, तेव्हा टीकाकारांनी नाके मुरडली. पण त्या संघातील हाझेम एल मस्री याचा जन्म लेबनॉनमधील त्रिपोलीचा. यादवीने देशोधडीला लागलेल्या समाजाने आपला संघ दुसरीकडे कोठे शोधावा? खोटी आजी आणि दुरावलेली आजी यांतला फरक कागदावर पुसट दिसतो. माणसांच्या आयुष्यात तो फार मोठा असतो.

१२/१५
२०१७ च्या विश्वचषकापूर्वी नियम सैल झाला. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि न्यूझीलंड या तीन बड्यांपैकी एक आणि इतर देशांपैकी एक, अशी दोन्ही नाती खेळाडूला जपता येऊ लागली. एका बड्या देशाकडून दुसऱ्या बड्या देशाकडे जाण्यास मात्र बंदी राहिली.

१३/१५
परिणाम तत्काळ दिसला. ऑकलंडमध्ये जन्मलेला, न्यूझीलंडचा आधारस्तंभ जेसन ताउमालोलो याने स्पर्धेच्या तोंडावर टोंगाची लाल जर्सी निवडली. अँड्र्यू फिफिताने ऑस्ट्रेलियाच्या संघातील जागा सोडली. ११ नोव्हेंबर २०१७ रोजी हॅमिल्टनमध्ये टोंगाचे 'सिपी ताउ' आणि न्यूझीलंडचा 'हाका' ही युद्धनृत्ये एकाच वेळी समोरासमोर झाली. मध्यंतराला २-१६ असा मागे असलेला टोंगा २८-२२ असा जिंकला. उपान्त्य फेरीत इंग्लंडने त्याला रोखले, तेही अवघ्या २०-१८ ने. २०१९ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर टोंगाच्या खेळाडूंनी ऑस्ट्रेलियालाही १६-१२ असे नमवले.

१४/१५
आक्षेप अजूनही आहेत. परदेशात घडलेल्या खेळाडूंमुळे बेटांवरील मुलांची संधी हुकते, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देश निवडणे म्हणजे सोय पाहणे नव्हे काय, असेही विचारले जाते. तथापि २०२२ मध्ये जरोम लुआय आणि ब्रायन टोओ यांनी सामोआची निळी जर्सी घातली, तेव्हा ऑस्ट्रेलियाकडून खेळण्याची वाटही त्यांच्यापुढे होती. अंतिम सामना सामोआने ऑस्ट्रेलियाकडून १०-३० असा गमावला. पण ऑकलंड आणि सिडनीचे रस्ते त्याआधीच सामोआच्या ध्वजांनी भरून गेले होते.

१५/१५
नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने १९८२ साली हिरावलेले नागरिकत्व परत मिळवण्याचा हक्क मान्य केला. तोवर त्या लोकांतील सर्वांत धाकटी माणसेही पंचाहत्तरीला आली होती. अनेक तर हा दिवस पाहायला उरलेच नव्हते. आजच्या खेळाडूंच्या आजी-आजोबांची पिढी ती हीच. ज्या जन्मगावामुळे या पिढीला एका देशाने परके ठरवले, त्याच जन्मगावाच्या नोंदीवर तिची नातवंडे मैदानात उतरत आहेत.