गण पाडणारा संगणक

माझा नातू संगणकाच्या नोकरीत आहे. मजकूर ठरावीक साच्यात बसतो की नाही हे तपासायला त्याच्याकडे 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाची युक्ती असते. ती त्यानं समजावली तेव्हा मी म्हटलं, अरे, हे तर गण पाडणं!

पिंगलाच्या छंदःसूत्रांना दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. लघु-गुरू अशा दोनच खुणा, तीन-तीनचे आठ गण. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, लगग चार वेळा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. आमच्या मालगुंडचे केशवसुत आधुनिक कवितेचे प्रवर्तक, पण गणवृत्तं त्यांनीही वापरली. माधव जूलियन यांनी तर 'छंदोरचने'त (सुधारित आवृत्ती १९३७) या शास्त्राचा केवढा पसारा मांडला!

संगणकाकडची गोष्ट अगदी अलीकडची. स्टीफन क्लीनी या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञानं १९५१ साली मज्जातंतूंच्या गणिती नमुन्यांचा विचार करताना ही कल्पना मांडली. १९६८ मध्ये केन थॉम्पसननं ती मजकूर शोधण्यासाठी वापरली.

मी एक ओळ रचली: 'कुणाची निघाली समुद्रात होडी'. ('द्रा' या जोडाक्षरामुळे 'मु' गुरू.) तिचं लगगलगगलगगलगग होतं. पायथन भाषेत 'सर्च' हा साचा ओळीत कुठेही शोधतो. 'मॅच' सुरुवातीपासून बघतो, पण शेवटी काही उरलं तरी चालवून घेतो, म्हणजे तेरा अक्षरांची ओळही पास! २०१४ साली आलेला 'फुलमॅच' मात्र अथपासून इतिपर्यंत तपासतो. वृत्ताला हाच परीक्षक हवा.

पण ओळीचं लघु-गुरू करायचं कुणी? 'क्षि' हे आपलं एक अक्षर, संगणकाला मात्र चार चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी. हेही नियमांनी जमतं. खरी अडचण पुढे आहे.

'तुझ्या अंगणी लागला आज आंबा'. म्हणून बघा, भुजंगप्रयात चोख बसतं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा नियम दिला की संगणक 'तु'ला गुरू धरतो आणि ओळ नापास करतो. 'विद्या'तला 'वि' गुरू, कारण तिथे आघात येतो; 'तुझ्या'त तो येत नाही. लिहिलेलं पाहून हे कळत नाही, उच्चारावं लागतं. पूर्वी मुलं श्लोक घोकायची, तेव्हा हे कानाला आपोआप कळायचं. आता नातवाच्या यंत्रासाठी मी अशा शब्दांची वही करतोय: तुमच्या, जुन्या, दुसऱ्या... पहिलं पान भरलं आहे. तुम्हाला आठवतील ते शब्द कळवा.